हिरव्या बाह्या

शनिवारीही मिरची कांडायचा डंक वाजला नाही.

कुंभार पिंपळगावच्या त्या आळीत दोन दिवस कुणाला ठसका लागला नव्हता. एरवी सकाळी मिरची भाजायला पडली की शेजारपाजारची माणसं शिंकत शिंकत खिडक्या लावून घ्यायची आणि नंदाबाईच्या नावानं बोटं मोडायची. आज खिडक्या सताड उघड्या होत्या. नंदाबाईला ते बघवेना. लोकांनी शिव्या घालाव्यात, पण ठसक्यासकट घालाव्यात, असं तिचं मत होतं.

मसाल्याच्या शेडच्या दाराशी येऊन ती थांबली. शीतलनं लावलेला कागद दारावर तसाच होता. नंदाबाईची शाळा दुसरीतच सुटलेली, पण बोट फिरवत ती वाचू शकायची, आणि ह्या कागदावर वाचायला होतंच किती. बांगड्या काढून या. कागदाखाली स्टूल, स्टुलावर स्टीलचं ताट. गुरुवारी ह्याच ताटात सगळ्या बायकांच्या बांगड्यांचा ढीग पडला होता. आता तळाला एक हिरवा तुकडा तेवढा चमकत होता.

सुनेला शिकवलं कुणी हे, असा प्रश्न नंदाबाईला पडला होता. बायांच्या हातातून उतरलेल्या बांगड्या एका जागी पडलेल्या गावात दिसतात त्या एकाच दिवशी, बाईचा नवरा जातो त्या दिवशी. नंदाबाईनं तो दिवस बघितला होता. भारत तेव्हा कडेवर होता. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी तिनं उखळात मिरची घातली आणि त्या उखळापासून हे शेड उभं राहिलं.

शीतलचं काही वाईट करायचं मनात नव्हतं, हेही नंदाबाई जाणून होती. सून बदनापूरची, अन्नप्रक्रियेचं शिकलेली, मान खाली घालून काम करणारी. पुण्याच्या व्यापाऱ्यानं सांगितलं की आयएसओचं सर्टिफिकेट असलं तरच माल घेईन, तेव्हा घरात तिनं पहिल्यांदा तोंड उघडलं. मी करते म्हणाली. सहा महिने तिनं जाळ्या लावल्या, मिरचीची पोती जमिनीवरून फळ्यांवर चढवली, बायांना डोक्याला टोप्या घालायला लावल्या. बायांनी टोप्यांना नावं ठेवली आणि घातल्या. मग गुरुवारी ताट आलं. सगळ्यांच्या आधी शीतलनं स्वतःच्या बांगड्या उतरवल्या, तेव्हा बायांचा नाइलाज झाला. दुपारी भट्टीवर मिरची भाजणाऱ्या बेबीनंदाला फोन आला की बदनापूरच्या अलीकडं तिच्या नवऱ्याचा, कारभारीचा, ट्रक उलटला. ती होती तशी जालन्याला पळाली. पाय मोडण्यावर निभावलं. पण शुक्रवारी कामावर एकही बाई आली नाही.

आणि तपासणीचा साहेब सोमवारी येणार होता.

"माय, बस," भारत म्हणाला. शेडला लागूनच असलेल्या घराच्या ओसरीवर खुर्च्या मांडून घरची माणसं बसली होती. म्हणजे भारत बसला होता आणि त्याचा चुलता भुजंग बसला होता. शीतल दाराच्या चौकटीला टेकून उभी होती.

भुजंग नंदाबाईचा धाकटा दीर, मिरचीची खरेदी त्याच्याकडं. "वैनी, मी पहिल्या दिवसापासून सांगून राह्यलो," त्यानं सुरू केलं. "आपला माल आष्टीला जातो, परतूरला जातो. लोक बोटं चाटून खातात. मंग हे सर्टिफिकेट दाखवायचं कुणाला, मिरचीला?"

"तात्या, पुण्याचा माणूस थांबणार न्हाई," भारत म्हणाला. "मी एक तोड काढली. जालन्याचा एक जण सोमवारी बाया पाठवतो. टोप्या घालतील, हातात काही नसंल. साहेब बघून जाईल. मंगळवारी आपल्या बाया येऊ द्या बांगड्या घालून. कोण बघायला येतंय?"

"हे बराबर," भुजंग म्हणाला. ज्या कामाला तो घडीभरापूर्वी नावं ठेवत होता, ते खोटं करायचं म्हटल्यावर त्याला एकदम पटलं.

"असं न्हाई करायचं," शीतल म्हणाली.

"मंग कसं करायचं? तू सांग."

"मला म्हाईत न्हाई. पण एका दिवसाचं सोंग न्हाई." तिचा आवाज अगदी खाली गेला. "मी साहेबाला फोन करते. आमच्याच्यानं झालं न्हाई म्हणून सांगते. मंग तुमचं तुमी पहिल्यासारखं चालवा. मी परत मधी पडणार न्हाई."

नंदाबाईनं मान वर करून सुनेकडं बघितलं. सर्टिफिकेटाचं तिला सुतळीएवढंही कौतुक नव्हतं. पण मी मधी पडणार नाही, हे वाक्य तिच्या ओळखीचं होतं. बाई ते एकदा बोलली की तीस वर्षं भाकरी थापते आणि बाकी सगळ्याला हौ म्हणते. ह्याच ओसरीवर अशा दोघी-तिघी होऊन गेल्या होत्या. त्यांच्यात ही पोर जायला नको, एवढं एकच नंदाबाईला त्या क्षणी लख्ख कळलं.

"भारत," ती म्हणाली, "सोंगाच्या बाया माझ्या शेडमधी आल्या तर मी दारात आडवी पडंन. त्यांना मला ओलांडून जावं लागंल."

"चला, मिटलं," भुजंग उठायला लागला. "रद्द."

"भावजी, बसा. हातातली अंगठी काढा बरं."

भुजंगानं पोवळ्याच्या अंगठीवर दुसरा हात ठेवला. "ही? ही कशाला?"

"काढा म्हणते ना."

"वैनी, जोतिषानं सांगितलंय, मरेस्तोवर उतरवायची न्हाई. मंगळ कडक हाय माझा."

"तुमी रोज पोत्यात कोपरापर्यंत हात घालून मिरची बघता. खडा पडला तर?"

"खडा कसा पडंल?"

"बांगडी पडती तसा." मग ती शीतलकडं वळली. "ह्यांना का न्हाई गं सांगितलं काढायला? नवऱ्याच्या बोटात बी सोन्याचं वेढणं हाय, त्याला?"

शीतल घोटाळली. "चुलतसासऱ्याला कसं सांगावं, आत्याबाई?"

"अन् बेबीनंदाला कसं सांगितलं?"

शीतल चौकटीपासून सरळ झाली.

"माझं चुकलं," शीतल म्हणाली.

"चुकलं तर चुकलं. त्याला फोन कशाला करायचा? तो आयेसोचा कागद आण. ज्याच्यात बांगड्या काढा असं लिव्हलंय तो."

"त्यात तसं न्हाई लिव्हलेलं."

"म्हणजे?"

"त्यात बांगडी हा शब्दच न्हाई आत्याबाई. त्यात एवढंच हाय, की फुटणारी वस्तू मालात पडायची जिथं भीती हाय ती जागा शोधा, काय करायचं ते तुमचं तुमी ठरवा, अन् ठरवलं ते रोज करा."

"तुमचं तुमी म्हणजे कुणी?"

"काम करणाऱ्या सगळ्यांनी मिळून."

"अन् ठरवलं कुणी?"

"मी," शीतल म्हणाली. "एकटीनं."

नंदाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. "चप्पल घाल. बेबीनंदाकडं जायचंय." आणि जाता जाता तिनं शेडच्या दारावरचा कागद फाडला, त्याची घडी केली, आणि ताट उचलून भारतच्या हातात दिलं. "हे घासून घरात ठेव. तूच घास."

*

बेबीनंदा दवाखान्याचा डबा करायला गावात आली होती. जालन्याला कारभारीजवळ तिची सासू बसली होती. चुलीवर पिठलं रटरटत होतं. तिच्या दोन्ही हातांत कोपरापर्यंत नव्याकोऱ्या हिरव्या बांगड्या होत्या, नव्या नवरीला नसतील एवढ्या.

"ये नंदामाय," ती म्हणाली. शीतलकडं तिनं बघितलं नाही, पण पाट दोन टाकले.

"कसा हाय?"

"रागराग करून राह्यलाय म्हणजे बरा हाय." तिनं पिठलं ढवळलं. "मला कळतं गं माय. ताटानं ट्रक उलटत न्हाई. रानातला रोही आडवा आला, ह्यांनी ब्रेक मारला, म्हणून उलटला. बायांना बी मी तेच सांगितलं. पण मी दवाखान्यात पोचले ना, तवा हे नुकतेच शुद्धीवर आल्ते. डोळे उघडले अन् माझ्या तोंडाकडं न्हाई, हाताकडं बघितलं. माझे हात मोकळे. बांगड्या हिथं ताटात राह्यल्या होत्या." ती थांबली. "मला म्हणले, बेबे, मी गेलो का गं?"

नंदाबाईच्या तोंडून हसू फुटता फुटता राहिलं. बेबीनंदाच्याही तोंडावर तसंच काहीतरी आलं आणि तिनं पदर डोळ्यांना लावला.

"मी म्हणलं न्हाई ओ, हायात तुमी. तर म्हणले, मंग हे काय? हातात हात घेऊन एवढा मोठा माणूस ढसाढसा रडला. म्हणून मी न्हाई आले कामाला. देवाला भिऊन न्हाई."

शीतल पाटावरून उठली आणि चुलीपाशी जाऊन खाली बसली. "ताई," ती म्हणाली, "मी बारा गोष्टी वाचल्या. तुमाला एकदा बी इचारलं न्हाई."

"तू काय मुद्दाम केलं का?" बेबीनंदा म्हणाली. अजूनही ती पिठल्याकडंच बघत होती. "पण इचारलं असतं तर सांगितलं असतं."

"आता इचारते. काच मालात पडायला नको. अन् हात मोकळे करायचे न्हाईत. काय करावं?"

"कापूस येचायला जातो तवा काय करतो आम्ही?"

शीतलला माहीत नव्हतं. नंदाबाईला होतं, पण तिनं तोंड मिटून ठेवलं. तिला एवढं गप्प बसताना गावानं कधी पाहिलं नव्हतं.

"नवऱ्याचा जुना शर्ट घालतो लुगड्यावर," बेबीनंदा म्हणाली. "पूर्ण बाहीचा. बाही बांगड्यावरून येती, मनगटाला गुंडी लावायची. बोंडं टोचत न्हाईत अन् बांगडी बी फुटत न्हाई. दिवसभर राबलं तरी एक टिचत न्हाई. अन् टिचली तर बाहीतच राहती."

"शर्ट नको," शीतल हळूहळू म्हणाली, जणू ती बाही तिला समोर दिसत होती. "नुसती बाही. दोन्हीकडून रबर. रोज धुवायची. आत जाताना एकमेकींच्या बांगड्या मोजायच्या, बाहेर येताना परत मोजायच्या. एक कमी भरली तर त्या घडीचा सगळा माल बाजूला."

"मोजायच्या? मंग तर भांडणं होतील," बेबीनंदा म्हणाली. "ती उषाबाई दर सणाला दोन जास्तीच्या भरती अन् नवऱ्याला सांगती जुन्याच हायत." आणि मग ती खरंच हसली.

*

शेडमध्ये निवडायचं काम करणारी मैमूना घरी शिवणही करायची. नंदाबाईनं तिच्यापुढं हिरव्या कापडाचा गठ्ठा टाकला, तेव्हा मैमूनानं ते बोटांत चोळून बघितलं.

"कापड अच्छा हाय. पण नंदाबाई, दवाखान्यात सगळे सफेद घालतात. साहेब लोकांना सफेद आवडतं, मळ दिसतो म्हणून."

"आपला मळ मिरचीचा. हिरव्यावर लाल दिसंल."

मैमूनाच्या स्वतःच्या हातात हिरव्या रेशमी बांगड्या होत्या. तिनं कापडाकडं बघितलं, त्या बांगड्यांकडं बघितलं आणि ती समजायचं ते समजली. "किती जोड्या शिवू?"

"आत पाय ठेवतील त्या सगळ्यांच्या."

"भुजंगभाऊच्या बी?"

"त्याच्या पहिल्या. नियम हाय ना, मंग सगळ्याला एकच. बिलकुल कुणाला सोडायचं न्हाई."

हे बोलताना नंदाबाईच्या आवाजात मोठा तोरा होता. आपण काय बोलून गेलो, हे तिच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

रविवारी दुपारी मैमूनाच्या घरातून मशीनचा आवाज येत राहिला. इकडं शीतल सासूजवळ बसून कामाची रीत लिहून काढत होती. निवडणं, भाजणं, डंक, चाळणी. चाळणीपाशी तिचं पेन थांबलं.

"आत्याबाई, चाळून झाल्यावर परातीत माल कालवायला तुमी अन् कौसल्याबाईच का? दुसरं कुणी हात लावलेलं मी कधी बघितलं न्हाई."

"बाकीच्यांच्या हाताला चव न्हाई." हे उत्तर नंदाबाई गावाला वर्षानुवर्षं देत आली होती.

"साहेबानं इचारलं तर हेच सांगू?"

नंदाबाई लसूण सोलत होती. एक पाकळी सोलून झाली, दुसरी झाली.

"चव कसली," ती म्हणाली. "चाळणीच्या पुढं मालाला बांगडीचा हात लागू नये म्हणून. चाळणीच्या आधी काच पडली तर चाळणीत गावती. पुढं पडली तर लोकांच्या ताटात जाती. एवढं कळायला आयेसो कशाला पाहिजे? तवा आमच्यात मोकळ्या हाताच्या दोघीच, मी अन् कौसल्या. हळदीला आम्हाला कुणी हात लावू देत नव्हतं. ओटी भरायला बोलवत नव्हतं. मी म्हणलं, ठीक हाय. माझ्या मसाल्याला शेवटचा हात हाच लागंल. मंग खा म्हणावं सगळ्यांनी, सुवासिनींनी बी."

शीतलनं पेन परत कागदावर टेकवलं. तिनं विचारलं, "काय लिहू?"

"लिही, चाळणीनंतर मोकळा हात. कारण नको लिहू."

*

सोमवारी सकाळी बाया आल्या. शेडच्या दारात स्टूल तेच होतं, पण त्यावर ताट नव्हतं, धुऊन इस्त्री केलेल्या हिरव्या बाह्यांची चळत होती. एक जण हात पुढं करी, दुसरी बांगड्या मोजी आणि वरून बाही चढवी. उषाबाईच्या जास्तीच्या दोन पकडल्या गेल्या आणि सगळ्यांनी तिला तिथल्या तिथं सोललं.

भुजंग आला तेव्हा त्याच्या बोटात अंगठी नव्हती. गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवून ती त्यानं सदऱ्याच्या आत सोडली होती. "मंगळाला कळणार न्हाई," तो भारतच्या कानात म्हणाला. मैमूनानं त्याच्या हातांत बाह्या चढवल्या, तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, "भुजंगतात्याला चुडा भरला गं," आणि रांगेची रांग वाकून हसायला लागली. भुजंग लाल झाला, पण त्यानं बाह्या काढल्या नाहीत. भारतनं आपलं सोन्याचं वेढणं न सांगता खिशात टाकलं.

बेबीनंदा अर्ध्या दिवसासाठी आली होती. साहेबाची गाडी घनसावंगीहून निघाल्याचा निरोप आला. भट्टी पेटली. सगळ्या आत गेल्या. बाहेर राहिल्या नंदाबाई आणि कौसल्या.

स्टुलावर दोन जोड्या उरल्या होत्या.

कौसल्या म्हातारी, कमी बोलणारी. तिनं त्या बाह्यांकडं बघितलं आणि मग नंदाबाईकडं. नंदाबाई करील ते ती करणार, आजवर तसंच चालत आलं होतं.

"आमच्या पांढऱ्या कुठं हायत?" नंदाबाईनं विचारलं.

"पांढऱ्या शिवल्याच न्हाईत," शीतल म्हणाली.

"मैमूनाला म्हणावं जल्दी दोन शिव."

"आत्याबाई, आत पाय ठेवणाऱ्या सगळ्यांच्या एकसारख्या, असं तुमीच सांगितलं. कुणाला सोडायचं न्हाई म्हणाल्या."

"मी माझं न्हाई म्हणले."

"तसं तुमी न्हाई म्हणल्या."

आतल्या बाया दाराकडं बघायला लागल्या. नंदाबाईनं पदर हातावर ओढून घेतला. "मी बाहेर बसते. माझ्या हाताला बांगडी न्हाई, पडायचं काय त्याच्यातून? झाकायचं काय?"

"मंग चाळणीनंतर मोकळा हात कुणाचा लावू?" ह्या खेपेला शीतल खाली बघत नव्हती. "मी तसं लिहून बसले."

नंदाबाईला तिच्या तोंडात मारावंसं वाटलं आणि त्याच क्षणी तिला कवटाळावंसंही वाटलं. बोलली पोर. बरं झालं. पण बाह्यांना हात लावायचं धाडस तिला होईना. हिरवा रंग. भारत कडेवर होता तेव्हापासून ह्या रंगाचा धागाही तिनं मनगटावर येऊ दिला नव्हता. दुसऱ्या कुणी दिलाही नव्हता.

बेबीनंदा भट्टीपासून उठून दारापाशी आली. तिनं काही विचारलं नाही. बांगड्या भरताना कासारीण धरते तसा तिनं नंदाबाईचा डावा हात धरला, अंगठा तळव्यात दाबला, बोटं एकत्र मिटवली. "ढिला सोड माय," ती म्हणाली. "कडक धरलास तर लागतं."

नंदाबाईनं हात ढिला सोडला.

शीतलनं बाही बोटांवरून, मग सुरकुतलेल्या पंजावरून, मग मनगटावरून वर ओढली. रबर कोपराच्या खाली बसलं. मग उजवा हात. कुणी हसलं नाही आणि कुणी रडलं नाही. कौसल्यानं आपली जोडी स्वतःच उचलली आणि घाईघाईनं घातली, कुणी परत मागेल म्हणून.

नंदाबाई दोन्ही हात पुढं धरून बघत राहिली. उलटे केले, सुलटे केले. रस्त्यावर गाडी थांबल्याचा आवाज आला.

"उजवी ढिली हाय," ती म्हणाली. "धुतल्यावर अजून ढिली होईल. मैमूनाला सांग, सांजच्याला एक टाका घाल."

"रोज घालायची आत्याबाई," शीतल म्हणाली.

"कळलं. बहिरी न्हाई मी." तिनं उंबऱ्याच्या आत पाय टाकला. "डंक चालू करा. आळीला ठसका लागू द्या."